एका टाइलची जागा

सहदेव मिस्त्रीनं कुठल्याशा संस्थानिकाचा राजवाडा फोडला आणि त्यातलं घबाड तो लोकांच्या बाथरूमांत लपवतो, ही बातमी आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या मालनबाईंनी आणली. मालनबाईंची सांगायची एक रीत आहे. आधी पदर तोंडाशी. मग डोळे जिन्याकडे. मग आवाज घशातून उतरवून थेट पोटात. "अगं, राजवाडा गं! खांबसुद्धा सोडले नाहीत मेल्यानं. कुऱ्हाडीनं फोडला. माझ्या भावजयीच्या भावानं डोळ्यांनी बघितलंय. आणि एक सांगू? ज्याच्या ज्याच्या बाथरूमचं काम करतो ना, तिथं एक टाइल लावायची सोडतो. एकच! का सोडतो? सांग ना, का?" एवढं झालं की पदर खाली आणि आवाज पुन्हा वर, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा, "जाऊ दे बाई, आपल्याला काय करायचंय!"

ह्या मालनबाई मी जिन्यात इतक्यांदा करून दाखवल्या की शेवटी पोरांना खऱ्या मालनबाई फिक्या वाटायला लागल्या.

आता खरं काय ते सांगते. राजवाडा फोडला, हे खरं. कुऱ्हाडीनं फोडला, तेही खरं. पण तो राजवाडा आमच्याच गोरेगावात, रुळांच्या पलीकडच्या एका स्टुडिओत होता. त्याचं आयुष्य अकरा दिवसांचं होतं आणि तो बांधलाही सहदेव मिस्त्रींनीच होता. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवायचं, काथ्या घालून साच्यात ओतायचं, म्हणजे दाराएवढे तक्ते निघतात. ते लाकडी चौकटीवर ठोकले की भिंत. त्यावर सोनेरी रंग दिला की राजाची भिंत. चित्रीकरण संपलं की पुढच्या सिनेमातल्या झोपडीला जागा हवी, म्हणून राजवाडा फोडायचा. ते कामही मिस्त्रींचंच.

टाइल सोडायचे, हेही खरं. त्या जागेत घबाड नसायचं. पेन्सिलीची एक रेघ असायची.

सहदेव मिस्त्री कुडाळच्या बाजूचे. चौदाव्या वर्षी मुंबईत आले ते परळच्या एका गिरणीत लागले. गिरणीतून कमी केल्यावर गाववाल्यानं स्टुडिओत नेलं. तिथं मोल्डिंगच्या खात्यात त्यांनी देव केले, सिंह केले, एका पौराणिक सिनेमासाठी अख्खा समुद्रकिनारा केला. माणूस उंच, पण मान कायम एका बाजूला कललेली, भिंतीला गाल लावून लावून तशीच राहिलेली. भिंत बघायची म्हणजे त्यांना डोळ्यांचा भरवसा नव्हता. आधी बोटाच्या पेरानं वाजवायचे, मग गाल टेकायचे आणि डोळे मिटायचे. बायको शेवंती गावी, शेत आणि म्हातारी सासू सांभाळून. वर्षातून एकदा शिमग्याला जाणं. बोलणं फार नाही. जे बोलायचं ते एकदा बोलायचे आणि पुन्हा विचारलं तर "सांगलंय ना" म्हणून गप्प. पण ही सवय त्यांची पुढं मोडली. ती कशी मोडली, तेच सांगायचं आहे.

आमची इमारत 'विश्राम भुवन'. एक्कावन्न साली बांधली तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं आणि परमिट मिळेस्तोवर माणसाचे केस पिकायचे. आमच्या कंत्राटदारानं शक्कल काढली. स्टुडिओतून टाकून दिलेले प्लास्टरचे तक्ते आणले आणि तळमजल्यावरच्या आतल्या भिंती त्यांच्या केल्या. ठोकायला कोण? तक्ते ज्यानं ओतले तोच. स्टुडिओ तेव्हा चार महिने बंद होता, सहदेव मिस्त्री रिकामे होते.

"पाण्याकडे लावू नकात. ह्या पाणी पिता," मिस्त्री म्हणाले होते.

"अहो मिस्त्री, वरून पांढऱ्या चिनी टाइल बसणार. टाइलमधून पाणी जातं काय?"

मिस्त्री पुढं बोलले नाहीत. तक्ते लावले. लोकांना दाखवायला बाथरूम झकास दिसली. कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल, पितळी नळ, 'सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक' अशी पाटी. पलीकडच्या बाजूला तीच भिंत मागच्या खोलीची. पाणी टाइलमधून जात नाही, हे कंत्राटदाराचं बरोबर होतं. ते दोन टाइलींच्या मधून जातं.

पाच वर्षांनी क्षमाकाकूंच्या ब्लॉकमधल्या त्या भिंतीला बोट लावलं तर बोट आत जायला लागलं.

क्षमाकाकू आमच्या समोरच्या दारात राहतात. दोन खोल्या. पुढच्या खोलीत रस्त्याची धूळ, तिथंच ओटा, तिथंच शेगडी, तिथंच धूर. मागची खोली शांत, खिडकीबाहेर पेरूचं झाड. ती विद्याधरकाकांची, काकूंच्या यजमानांची. काका विमा कंपनीत हिशेबनीस होते. तीन वर्षांपूर्वी त्यांना खोकला लागला, मागच्या भाद्रपदात घाटावरच्या सॅनेटोरियममध्ये नेलं.

तो खोकला तीन तुकड्यांचा होता. आधी दोन कोरडे, झटपट, कुणी दार वाजवावं तसे. मग थोडा वेळ काहीच नाही. मग खालून येणारा एक लांबलचक, खाटेखालून ट्रंक ओढल्यासारखा. आणि सगळ्यात शेवटी एक छोटासा "हं". चहा घेणार का विचारल्यावर माणूस म्हणतो ना, तसा. जसं काही मधे काही झालंच नाही. हे सगळं मला बरोबर यायचं. काका सॅनेटोरियमला गेल्यावरही मी ते जिन्यात करायची. पोरं लोळायची हसून. खास करून त्या "हं" ला.

गणपती गेले आणि सॅनेटोरियमचं पत्र आलं. काकू ते घेऊन आमच्याकडे आल्या. वाचून झालेलं होतं, तरी आईनं पुन्हा वाचावं म्हणून आल्या होत्या.

कोजागिरीला काकांना सोडणार होते. खाट त्याच्यापुढं ठेवता येणार नव्हती, दुसरा रोगी वाट बघत होता. डॉक्टरांनी खाली लिहिलं होतं: स्वतंत्र खोली, हवेशीर, पूर्ण कोरडी. घरात ओल असल्यास रोग्यास तिथं नेऊ नये, अन्यत्र सोय करावी. त्याच्याखाली काकांचं बारीक अक्षर. "मागच्या खोलीच्या भिंतीचं काय झालं? ती दुरुस्त होईपर्यंत वाईला दादाकडे जाईन म्हणतो. पण घरीच यावंसं वाटतं."

"अन्यत्र म्हणे," काकू म्हणाल्या. "वर्षभर अन्यत्रच आहेत ना!"

चोवीस दिवस होते. दुसऱ्या दिवशी आमच्या बाबांनी सहदेव मिस्त्रींना बोलावून आणलं.

मिस्त्री आले. पिशवी खाली ठेवली आणि बाथरूमच्या टाइल एक एक करून पेरानं वाजवत गेले. वरच्या चांगल्या टाइलींचा आवाज टक्, टक्, टक्. नळाच्या आसपास आले तसा भद्. भद्. भद्. मग मागच्या खोलीत गेले, भिंतीला गाल लावला, डोळे मिटले. काकू मागं उभ्या. मी दारात.

"काय म्हणतेय भिंत?" मी विचारलं.

"गप गो चेडवा," मिस्त्री म्हणाले. गाल काढला तेव्हा त्यावर चुन्याचा ओला गोल उमटला होता.

"वयनी, ह्या सगळा काढूक लागतला."

काढलं. छिन्नीनं टाइल सुटायला वेळ लागला नाही, तीन-चार तर हात लावल्याबरोबर सुटून हातात आल्या. मागचा तक्ता दुधात भिजवलेल्या पावासारखा झाला होता. मिस्त्रींनी त्याचा मोठा तुकडा धरून बाहेर ओढला, उलटा केला, आणि आम्ही सगळ्यांनी बघितलं. पाच वर्षं भिंतीच्या पोटात तोंड लपवून बसलेली ती बाजू होती. तिच्यावर कमळं होती. वेलीवर वेल, मधे कमळ, कमळावर सोनेरी रंग. ओलीनं तो हिरवट पडला होता, पण कळत होता.

"अगंबाई, राजवाडा!" मी म्हटलं. अगदी मालनबाईंच्या आवाजात, तोंडातून निघून गेलं.

मिस्त्री उकिडवे बसले आणि एका कमळावरचा चिखल अंगठ्यानं पुसत राहिले.

"ह्या माझा काम," ते म्हणाले. "साचो माझो, ओतलंय मी, हय लावलंय पण मीच." मग काकूंकडे न बघता, "माका ठावक होता. कंत्राटदाराक मी सांगलंय, पाण्याकडे नको. पण एकदाच सांगलंय. दोनदा सांगूक होया होता."

काकूंना त्यात दोष दिसला नाही. त्यांना दिवस दिसत होते. "ते जाऊ द्या हो मिस्त्री. कोजागिरीपर्यंत होईल ना?"

"भिंत होतली. सुकाचा माझ्या हातात नाय."

भिंत खरंच आठ दिवसांत झाली. कुजलेले तक्ते कापून काढले, चौकटीत पाव विटेची भिंत घातली, सिमेंटचा गिलावा केला, त्यावर टाइल बसवल्या. वरच्या सांध्यांत पांढरं सिमेंट बोटानं भरलं, इतकं मन लावून की जणू कुणाच्या जखमेत मलम भरतायत. सगळं झालं, आणि तिसऱ्या ओळीत, नळापासून लांब, एक टाइल सोडली.

"ही का सोडली?" काकू म्हणाल्या. मालनबाईंचं सगळ्यांनीच ऐकलेलं होतं.

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली. साधी नव्हे, कॉपिंग पेन्सिल, रेल्वेच्या पार्सल कचेरीत पावत्यांवर लिहितात ती. त्या चौकोनी भोकात, गिलाव्यावर, एक आडवी रेघ मारली. रेघ करड्या रंगाची. आम्ही बघत राहिलो. हळूहळू ती कडेनं फुगली आणि जांभळी झाली. गडद जांभळी, शाई सांडावी तशी.

"टाइल लावली की भिंतीची ही बाजू बंद," ते म्हणाले. "आता ती खोलीच्या बाजून सुकतली. आत काय चल्ला ता कळाक एक खिडकी नको? रेघ जांभळी झाली तर भिंत ओली. करडी ऱ्हवली तर सुकली. मगे टाइल. तवसर ह्या बाथरूमात पाणी नाय."

तेव्हापासून काकू आंघोळीला आमच्याकडे येऊ लागल्या. त्यांनी काकांना सगळं कळवलं. उलट टपाली उत्तर आलं, "तुझे मिस्त्री बरे दिसतात. ती टाइल बसली की तार कर. मग निघतो."

म्हणजे आता सगळं एका टाइलवर येऊन ठेपलं. ती टाइल काकूंनी देव्हाऱ्याशेजारी, फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

मिस्त्री रोज सकाळी स्टुडिओत जाण्याआधी यायचे, आदल्या दिवशीची रेघ खरवडून नवी मारायचे. जांभळी. मी शाळेला जाताना डोकावायची. जांभळी. काकू दिवसातून कितीदा बघायच्या ते त्यांनाच ठाऊक. एकदा मी बघितलं, त्या पदराच्या टोकानं भोकात वारा घालत होत्या, तापलेल्या मुलाला घालावा तसा.

कोजागिरीला नऊ दिवस राहिले तेव्हा मी मिस्त्रींना म्हटलं, "कोजागिरीच्या आत सुकणार. पैज!"

"नाय सुकणा."

"लावा पैज. मी जिंकले तर तुम्ही ते भालदाराचं ओरडायचं."

एकदा स्टुडिओत भालदाराचं काम करणारा माणूस आला नव्हता, तेव्हा मिस्त्रींच्याच हातात भाला देऊन त्यांना त्यांच्याच राजवाड्याच्या दारात उभं केलं होतं. राजे येत असल्याची आरोळी द्यायची होती. ही आरोळी मी त्यांच्याकडून ते आले त्या दिवसापासून मागत होते.

"आणि हरलंस तर?"

"मी नाही हरत."

मिस्त्रींनी रेघ मारली, पेन्सिल कानावर ठेवली. "हरलंस तर भाऊंचो खोकलो करूचो नाय. परत कधी नाय."

भाऊ म्हणजे काका. माझा खोकला त्यांनी कधी ऐकला, मला कळेना. मग आठवलं, जिना बाथरूमच्या खिडकीवरूनच जातो. आणि मग हेही आठवलं, की क्षमाकाकूंच्या स्वयंपाकाच्या ओट्याजवळच्या खिडकीवरूनही.

"बरं," मी म्हटलं.

चार दिवस राहिले तेव्हा काकूंनी मागच्या खोलीत शेगड्या पेटवल्या. एक त्यांची, एक आमच्याकडून नेलेली. खिडकी लावली, दार लावलं, दोन्ही शेगड्या भिंतीला भिडवून ठेवल्या. आतून बाहेर येत तेव्हा डोळे लाल, केस कपाळाला चिकटलेले. आई म्हणाली, "क्षमा, कोळशाच्या धुरात गुदमरशील अशानं." काकू म्हणाल्या, "मला काही होत नाही गं. भिंत सुकू दे." पेरूच्या झाडावर बाहेर छान ऊन होतं. त्या खिडकीतनं वारा आला असता तर भिंतीला तोच हवा होता. पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, काकूंनाही नव्हतं. ओलं ते तापवलं की सुकतं, कपड्यांचं असंच असतं, पापडांचंही असंच असतं.

मिस्त्रींना त्या दिवसांत स्टुडिओत नव्या सेटचं काम होतं, दोन दिवस ते आलेच नाहीत. पेन्सिल भोकात ठेवून गेले होते. कोजागिरीच्या आदल्या दिवशी सकाळी काकूंनी मला हाक मारली. हाक अशी, की मी वेणी अर्धी सोडून धावले.

"तू मार."

मी रेघ मारली. करडी. आम्ही थांबलो. करडी. काकूंनी शंभरपर्यंत आकडे मोजले, मोठ्यानं. करडीच.

काकू हसल्या आणि मग एकदम भोकाला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. मी शेगड्यांचं मिस्त्रींना सांगायचं नाही असं त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. दुपारी त्यांनी इस्त्रीचं लुगडं नेसलं. तारेचा कागद आणून ठेवला होता, त्यावर मजकूरही लिहिला होता. टाइल बसली. यावे. क्षमा.

मिस्त्री संध्याकाळी आले. मी दारातच म्हटलं, "चला, भालदार! आरोळी तयार ठेवा."

ते आत आले. करडी रेघ बघितली. मग नाक वर करून वास घेतला. मागच्या खोलीत गेले, भिंतीला गाल लावला आणि लगेच काढला. भिंत गरम होती. जमिनीवर शेगड्यांच्या बुडांचे दोन काळे गोल होते.

परत बाथरूममध्ये आले. पिशवीतून एक लांब खिळा काढला आणि करड्या रेघेवरच गिलावा कोरायला लागले. भुकटी पडली. मग ओली भुकटी पडली, गोळे होऊन. बोटाचं एक पेर जाईल एवढं कोरून झाल्यावर त्यांनी आत पेन्सिल टेकवली. आकडे मोजायची गरज पडली नाही.

ती जांभळी इतकी गडद होती की आधीच्या कुठल्याच रेघेची तशी नव्हती.

"वरची साल सुकली," मिस्त्री म्हणाले. "पाणी आत गेला. वयनी, भिंत ओली आसा."

"मी खोलीत रोज शेगडी ठेवीन. ते आले की ठेवीन."

"भिंत ओली आसा."

"कळलं मला!"

"भाऊंका हय आणू नकात. भिंत ओली आसा."

"एकदा सांगितलंत ना, मिस्त्री! किती वेळा सांगाल?"

"एकदा सांगून भागणा नाय." त्यांचा आवाज चढला नाही. मी त्यांचा आवाज पुष्कळदा काढला आहे, पण हे वाक्य मला काढता येत नाही.

काकू देव्हाऱ्याकडे गेल्या, फडकं सोडून टाइल घेऊन आल्या. "मग माझी मी लावते. द्या ते सिमेंट. तुमचं काय जातंय? तुमचं माणूस नाहीये ते."

मिस्त्रींनी टाइल त्यांच्या हातातून घेतली. ओढून नाही, हात पुढं केला आणि घेतली. पिशवीत घातली. पायऱ्या उतरून चालायला लागले. पेन्सिल भोकातच राहिली.

मालनबाई गॅलरीत होत्या. "बघ! बघ! टाइल घेऊन पळाला!"

मी पैज हरले होते. इस्त्रीचं लुगडं नेसलेल्या काकू बराच वेळ मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होत्या. तारेच्या कागदावरचा मजकूर त्यांनी खोडला, दुसरा लिहिला. बाबांनी तो पोस्टात दिला. वाईला जावे. भिंत ओली. क्षमा.

काका वाईला गेले. काकूंना जाता येईना. सकाळच्या प्राथमिक शाळेतली नोकरी नवीन होती, रजा मिळत नव्हती आणि ती सोडून चालणार नव्हतं. दिवाळीत चार दिवस जाऊन आल्या. परत आल्यावर आईला म्हणाल्या, "बरे आहेत. अंगणात खुर्ची टाकून बसतात. मला म्हणाले, रेघेचा रंग काय?" मग म्हणाल्या, "फार हलके झालेत गं."

मिस्त्री दर रविवारी येत राहिले. काकू दार उघडत, एक शब्द न बोलता ओट्याकडे जात आणि पाठ करून उभ्या राहत. मिस्त्री चपला बाहेर काढून आत जात, आतवर कोरत, रेघ मारत, थांबत. आत असताना मागच्या खोलीची खिडकी उघडत आणि विटेचा तुकडा लावून ठेवत, म्हणजे ती मिटू नये. जाताना काकूंच्या पाठीला सांगत, "अजून ओली आसा." मी हे सगळं बघायची, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच असं झालं की बघितलेलं कुणाला करून दाखवावंसं वाटलं नाही.

कार्तिक संपता संपता रेघ फिकी झाली. जांभळी नव्हे, पण करडीही नव्हे, वांग्याच्या देठाजवळ असतो तसला रंग. मिस्त्री त्या रविवारी पाठीला म्हणाले, "आणखी धा दिवस."

सहाव्या दिवशी वाईहून तार आली.

मी काय झालं ते लिहीत नाही. तार आल्यावर जे होतं तेच झालं. काकू बाबांबरोबर वाईला गेल्या आणि तेरावा करून परत आल्या. मधल्या दिवसांत इमारतीत एकच बोलणं होतं. मालनबाईंना तर आता पदराचीही गरज नव्हती. "एका टाइलपायी! एका टाइलपायी नवराबायकोची शेवटची भेट चुकवली त्या मेल्यानं. लावली असती तर काय बिघडत होतं? माणूस जायचं ते जायचंच, निदान घरी गेलं असतं."

ह्याला मिस्त्रींकडे उत्तर असेल असं वाटून मी त्यांना स्टेशनच्या पुलाखाली गाठलं आणि मालनबाई काय म्हणतात ते सांगितलं. आवाज न काढता सांगितलं. ते म्हणाले, "खरा आसा ता." आणि थोडं चालल्यावर, "ओली होती ता पण खरा आसा."

काकू परत आल्यानंतरच्या रविवारी मिस्त्री आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. दारात चपला काढून उभेच राहिले. काकू म्हणाल्या, "या." दोन महिन्यांतला तो पहिला शब्द.

मीही मागोमाग गेले. त्यांनी कोरलं, आतवर, खिळा बुडेपर्यंत. पडली ती भुकटी पिठासारखी कोरडी. रेघ मारली. आम्ही तिघं बघत राहिलो, उगाच, कारण बघायचं काही उरलं नव्हतं. करडी.

"सुकली," मिस्त्री म्हणाले. पिशवीतून टाइल काढली. त्याच फडक्यात होती, काकूंच्याच. "लावू?"

"लावा."

त्यांनी घमेल्यात थोडं सिमेंट कालवलं. काकू बाथरूमच्या उंबऱ्यावर बसल्या. मला म्हणाल्या, "बस ना गं." मी बसले. थापीचा आवाज तेवढा येत होता.

"तू ते करायचीस ना," काकू म्हणाल्या. "जिन्यात."

"काकू, मी..."

"रागावत नाहीये. मी ऐकायची. ते सॅनेटोरियमला गेल्यावर ओट्याशी उभी राहून ऐकायची मी. तू मधेच बंद केलंस." त्यांनी लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला. "एकदा कर ना. माझ्या कानातनं जायला लागलाय."

मी मिस्त्रींकडे बघितलं. त्यांची पाठ आमच्याकडे होती, हातात टाइल, टाइलच्या मागं सिमेंट. ते थांबले होते.

"मी पैज हरलेय," मी म्हटलं.

"कसली पैज?"

मी सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं.

"कर गो," मिस्त्री भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "ह्या एकदा मी सोडलंय."

मी केला. दोन झटपट, दारावर वाजवल्यासारखे. मग थांबले, जेवढं काका थांबायचे तेवढं. मग तो लांबचा, खालून येणारा. तो येताना माझ्या छातीत खरंच काहीतरी ओढलं गेलं, तरी शेवटपर्यंत केला. आणि आता शेवटचा तो "हं" करायचा, तर माझ्या आधी काकूंनीच केला. अगदी हुबेहूब. माझ्यापेक्षा चांगला.

मिस्त्रींनी टाइल जागेवर ठेवली, तळव्यानं दाबली, चारी कोपऱ्यांना पेरानं वाजवून बघितलं. टक्. टक्. टक्. टक्. बाजूचं सिमेंट पुसलं. मग पेन्सिल मला दिली आणि चपला घालून गेले.

भालदाराची आरोळी मी अजून ऐकलेली नाही. काकांचा खोकला त्या रविवारनंतर केलेला नाही. पोरं अजून मागतात, मी मालनबाई करून दाखवते.